सायफाय रोमान्सची मालिका स्वतःच काढायची आहे? लेखन ते लाँच, इथे बोलूया

निळाग्रह

सायफाय रोमान्स लिहून स्वतःच प्रकाशित करायचं डोक्यात असलेले बरेच जण आहेत इथे, अधूनमधून प्रश्न येत असतात, म्हटलं सगळं एका जागी आणूया. आधी मी माझं मांडते, मग तुम्ही भर घाला नाहीतर खोडून काढा.

माझं म्हणणं एवढंच की या प्रकारात विज्ञानच दोघांच्या मधे उभं राहिलं पाहिजे. नायिका यानात आहे, नायक परग्रहावरचा आहे, पण भांडण तेच ऑफिसातलं आणि गैरसमज तेच फोन न उचलल्याचे, तर यानाच्या जागी आगगाडी ठेवली तरी कथा चालते आणि ती चालते हे वाचकाला पहिल्या तीन प्रकरणांत कळतं. उलट बाजूनेही बघा, प्रेम काढून टाकलं आणि मोहीम जशीच्या तशी पार पडली तर ती विज्ञानकथा झाली, रोमान्स नाही. रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका या संघटनेची रोमान्सची व्याख्या दोनच गोष्टी मागते, मध्यवर्ती प्रेमकथा आणि मनाला समाधान देणारा आशादायी शेवट. त्या दोन्ही सायफायलाही लागू आहेत, ग्रह कुठलाही असो.

मंगळाचंच घ्या. पृथ्वी आणि मंगळ जवळ असतात तेव्हा संदेश पोचायला एका बाजूने साधारण ३ मिनिटं लागतात, लांबात लांब असतात तेव्हा २२. म्हणजे विचारलेल्याचं उत्तर यायला पाऊण तास. आता ती मंगळावरच्या तळावर, तो पृथ्वीवर. तिने शेवटी धीर करून रेकॉर्ड केलं, "मी मुदत वाढवून घेतलीये, अजून दोन वर्षं येत नाही." पाठवलं. त्याच मिनिटाला तिकडून त्याचा निरोप निघालाय, "किल्ल्या मिळाल्या, तुझी खोली पूर्वेकडची ठेवलीये." दोन्ही वाक्यं वाटेत एकमेकांना ओलांडून जातात. ती किल्ल्यांचं ऐकते तेव्हा तो तिचं ऐकत असतो, आणि ते ऐकून त्याचं काय झालं हे कळायला तिला आणखी २२ मिनिटं बसून राहायचंय. हे भांडण पृथ्वीवर होऊच शकत नाही. शिवाय साधारण २६ महिन्यांनी सूर्य दोन्ही ग्रहांच्या मधे येतो, तेव्हा नासा जवळजवळ दोन आठवडे तिथल्या यानांना आज्ञा पाठवणं थांबवते. भांडण त्याच्या आदल्या दिवशी घाला आणि बघा काय होतं ते.

लाँच, कव्हर, किंमत हे सगळं नंतरचं, पण ते ठरतं इथूनच असं मला वाटतं. बोला.

अवकाशवेडा

वा, मस्त धागा. मंगळाचं उदाहरण आवडलं. मी वेगाचं घालतो.

प्रॉक्सिमा सेंटॉरी आपल्यापासून ४.२४ प्रकाशवर्षं. प्रकाशाच्या ८० टक्के वेगाने गेलं तर जाऊन-येऊन पृथ्वीवर १०.६ वर्षं जातात, यानात मात्र सुमारे ६ वर्षं ४ महिने. (वेग घ्यायला आणि कमी करायला लागणारा वेळ धरलेला नाही, तो धरला तर आकडे बदलतील.) दोघं ३० वर्षांचे असताना ती निघाली तर परत येते तेव्हा ती छत्तिशीत, तो चाळिशी ओलांडलेला. फरक फक्त चारेक वर्षांचा, आणि मला नेमकं हेच आवडतं, कारण बहुतेक जण एकदम शंभर वर्षांचा फरक टाकतात, मग दुसरं माणूस मेलेलंच असतं आणि रोमान्स संपतो. चार वर्षांत माणूस मरत नाही पण बदलतो ना. तिच्यासाठी आठवण ताजी आहे आणि त्याने मधल्या काळात एकटं राहायची सवय करून घेतलीये. दोघांनी वाट बघितली पण सारखी नाही बघितली. यावर अख्खं पुस्तक उभं राहतं.

रात्रपाळी

वाचतेय, खूप छान चाललंय. पण एक शंका, गणित जमत नसेल तर या वाटेला जाऊच नये का? माझ्या कथेत प्रकाशापेक्षा वेगाने जाणारी यानं आहेत, ती कशी चालतात ते मला सांगता येणार नाही आणि खरं सांगायचं तर सांगायचंही नाहीये.

निळाग्रह

@रात्रपाळी, अजिबात तसं नाही. यान कसं चालतं हे कुणी विचारत नाही, यान काय करू शकत नाही हे मात्र वाचक लक्षात ठेवतो. पहिल्या पुस्तकात उडीनंतर इंजिनाला तीन दिवस विश्रांती लागते म्हणालात आणि तिसऱ्या पुस्तकात नायकाला वाचवायला लागोपाठ दोन उड्या मारल्यात की विश्वास गेला. नियम काल्पनिक चालेल पण पाळायला हवा आणि त्याची किंमत त्या दोघांनी मोजायला हवी. तीन दिवस अडकून पडले, तर त्या तीन दिवसांत त्यांच्यात काहीतरी झालं पाहिजे.

पानापानांत

मी लिहीत नाही, फक्त वाचते आणि हा प्रकार अधाशासारखा वाचते, तर वाचकाच्या बाजूने सांगते.

ते 'नियतीने बांधलेले जोडीदार' प्रकरण, म्हणजे परग्रहवासी नायकाला वासाने किंवा छातीतल्या कसल्याशा स्पंदनाने कळतं की हीच ती, मला मनापासून आवडतं, पण त्यात तिचं 'हो' कुठे आहे ते मी शोधत असते. बऱ्याच कथांत तिला पळवून आणलेलं असतं, यान त्याचं, हवा त्याच्या हातात, परतीचा रस्ता फक्त त्याला माहीत. अशा वेळी ती हो म्हणाली तर ते हो कसलं? चांगला लेखक आधी तिच्या हातात काहीतरी देतो, यानाचे कोड देतो, निघून जायची खरी संधी देतो, मग ती थांबली तर मी रडते. अँड्रॉइड नायक असेल तर हाच प्रश्न उलटा होतो, त्याला प्रेम करायलाच बनवलं असेल तर नाही म्हणायची मुभा त्याला आहे का? हे प्रश्न दुसऱ्या कुठल्या रोमान्समध्ये इतके उघडे पडत नाहीत, म्हणून तर मी इकडे येते.

आणि एक विनंती, शारीरिक प्रसंग किती उघड आहेत याचा अंदाज कव्हर आणि वर्णनातून येऊ द्या. बंद दारामागचं असलं तरी आनंदाने वाचेन, सगळं दाखवलेलं असलं तरी वाचेन, पण फसवल्यासारखं वाटलं तर दुसरं पुस्तक घेणार नाही.

तिसराचंद्र

पानापानांत यांना +१. तिच्या हातात कोड द्या, हे वाक्य लिहून ठेवलंय.

कथाकामाठी

मालिकेच्या घडणीबद्दल बोलायला हवं कारण 'मालिका' या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळी कामं येतात.

पहिला प्रकार, एकच जोडी सगळ्या पुस्तकांभर. यात अडचण अशी की रोमान्सच्या वाचकाला शेवट समाधानाचा लागतो आणि तुम्ही पुस्तक एकला तो देऊ शकत नाही, दिला तर पुस्तक दोनमध्ये करायचं काय. त्यामुळे प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी नात्याची एक पायरी तरी पक्की झाली पाहिजे, निदान 'सध्यातरी सुखाने' इथपर्यंत. बाहेरचं संकट अर्धवट सोडा, चालतं. दोघांना ताटातूट करून, एकाला मेलेला भासवून पुस्तक संपवलंत तर मात्र शिव्या बसतात, आणि तसं करणारच असाल तर वर्णनात आधीच लिहा की जोडीची गोष्ट पुढच्या पुस्तकात पूर्ण होते.

दुसरा प्रकार, जग एक, दर पुस्तकात नवी जोडी. स्वतः प्रकाशित करणाऱ्याला मी हाच सुचवेन. प्रत्येक पुस्तक स्वतंत्र पूर्ण होतं, कुठूनही आत शिरता येतं आणि मागे एक मोठं कथानक सरकत राहतं. यात खरं कौशल्य आहे पुढच्या नायकाला आधीच्या पुस्तकात बसवण्याचं. त्याला जाहिरातीसारखं आणून उभं करू नका. पुस्तक एकमध्ये तो कमी बोलणारा इंजिनियर असू दे, ज्याचं आपल्या नायिकेशी पटत नाही, पण संकटात तोच सगळ्यात आधी हजर होतो. वाचक आपणहून म्हणेल की याचं पुस्तक कधी.

ट्रॅपिस्ट-१ ची व्यवस्था तर या प्रकारासाठी जणू तयारच आहे. साधारण ४० प्रकाशवर्षांवरचा एक लहान लाल तारा, भोवती पृथ्वीच्या मापाचे सात ग्रह, २०१७ साली ते सातही जाहीर झाले. ते बहुधा कायम एकच बाजू ताऱ्याकडे ठेवून फिरतात, म्हणजे एका अर्ध्यात कायमचा दिवस, दुसऱ्यात कायमची रात्र आणि मधे संधिप्रकाशाचा पट्टा. चौथ्या ग्रहाचं वर्ष सुमारे सहा दिवसांचं. ग्रह एकमेकांच्या इतके जवळ की शेजारचा ग्रह आकाशात आपल्या चंद्राएवढा किंवा त्याहून मोठा दिसू शकतो. सात ग्रह, सात जोड्या, आणि प्रेमाचं माणूस शेजारच्या ग्रहावर असेल तर ते घर रोज डोळ्यांना दिसतंय पण जाता येत नाहीये.

आणि कृपा करून पहिल्या दिवसापासून एक वही किंवा एक्सेल शीट ठेवा. डोळ्यांचा रंग, कुठला जिना कुठल्या डेकवर उतरतो, कोण कोणाला काय म्हणून हाक मारतं, प्रवासाला किती दिवस लागतात, कोणाला कोणतं गुपित कधी कळलं. चौथ्या पुस्तकापर्यंत हे डोक्यात राहत नाही.

तिसराचंद्र

आता माझा प्रांत, लाँच. मी केडीपीबद्दल (किंडल डायरेक्ट पब्लिशिंग, स्वतः पुस्तक काढायची ॲमेझॉनची सेवा) लिहितो कारण बहुतेक जण सुरुवात तिथूनच करतात.

पहिला निर्णय, किंडल अनलिमिटेडमध्ये (वाचक वर्गणी भरून हवी तेवढी ईबुकं वाचतात ती ॲमेझॉनची योजना) जायचं की सगळीकडे विकायचं. त्यासाठी केडीपी सिलेक्टमध्ये नाव घालावं लागतं, आणि ते घातलं की ९० दिवस ईबुक दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही, स्वतःच्या वेबसाइटवरही नाही. छापील पुस्तकाला ही अट नाही. २०१५ च्या जुलैपासून पैसे वाचलेल्या पानांवर मिळतात, दर महिन्याच्या एकत्रित निधीतून, दर पानाला साधारण अर्ध्या सेंटच्या आसपास किंवा त्याखाली. सायफाय रोमान्सचे वाचक भराभर वाचणारे आहेत, एकामागून एक अख्खी मालिका संपवतात, त्यामुळे या प्रकारातले बरेच लेखक तिथे असतात. उलट एकाच दुकानावर विसंबायचं नसेल तर ड्राफ्ट२डिजिटलसारख्या वितरकाकडून ॲपल, कोबो वगैरे सगळीकडे एकदम जाता येतं (स्मॅशवर्ड्सही २०२२ पासून त्यांच्याकडेच आहे), पण तिथे वाचक जमायला वेळ लागतो. सहा महिने इकडे सहा महिने तिकडे असं करू नका, दोन्हीकडचे वाचक तुटतात.

दुसरं, किंमत. ७० टक्के रॉयल्टी अमेरिकन स्टोअरवर २.९९ ते ९.९९ डॉलरच्या मधेच, त्याखाली ३५. आता हिशोब करा. समजा १०० जणांनी पुस्तक एक घेतलं, त्यातले ५० दोनवर गेले, ४० तीनवर. (आकडे मानीव आहेत, तुमचे तुम्ही घाला.) २.९९ ला एका प्रतीचे ढोबळ २ डॉलर मिळतात. एकच पुस्तक बाजारात असेल तर एक वाचक २ डॉलरचा. तीन असतील तर २ अधिक १ अधिक ०.८, म्हणजे ३.८ डॉलरचा. आणि पहिलं ०.९९ ला ठेवलंत तर त्यातून हातात ३५ सेंट, पण मागे दोन पुस्तकं असतील तर तोच वाचक २.१५ डॉलर देऊन जातो. स्वस्तात घेणारे सगळे पुढे जात नाहीत हे धरूनसुद्धा, जाहिरातीवर किती खर्च करता येईल ते या एका आकड्यावर ठरतं. म्हणून माझं ठाम मत, तीन पुस्तकं लिहून तयार होईपर्यंत पहिलं बाहेर काढू नका. मग महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने सोडा. ॲमेझॉनच्या नव्या गाजणाऱ्या पुस्तकांच्या यादीत प्रकाशनानंतर ३० दिवसच राहता येतं, तेवढ्यात दुसरं येऊन पडलं की पहिल्यालाही हात मिळतो.

संथवाहते

तिसराचंद्र, हिशोब पटला पण निष्कर्ष नाही पटला. मी सावकाश लिहिणारी आहे, एका पुस्तकाला मला बराच वेळ लागतो, आणि तीन पुस्तकं पेटीत ठेवून बसायचं म्हणजे आपलं लिहिलेलं कुणी वाचलंय का, कुठल्या पात्रावर जीव जडलाय, कुठे कंटाळा आलाय यातलं काहीच न कळता आपण त्याच जगात आणखी दोन पुस्तकं लिहायची, आणि समजा पहिल्यात मघाशी कथाकामाठी म्हणाले तसं इंजिनियरचं पात्र वाचकांना भावलं आणि माझ्या तिसऱ्या पुस्तकात तो आधीच मरून गेलाय तर? वाचकांनी दिलेली ही माहिती पैशांपेक्षा कमी मोलाची नाही. आणि पुस्तक ३० दिवसांत मरतं हेही खरं नाही, रुबी डिक्सन यांनी 'आइस प्लॅनेट बार्बेरियन्स' २०१५ साली स्वतःच काढलं आणि टिकटॉकवर ते उसळलं २०२१ मध्ये, मग त्याच वर्षी मोठ्या प्रकाशकाने छापील आवृत्ती आणली.

तिसराचंद्र

ते उदाहरण माझ्याच बाजूचं आहे की. २०२१ ला वाचकांचा लोंढा आला तेव्हा त्यांना पुढे जायला त्या मालिकेची कितीतरी पुस्तकं तयार होती. एकच असतं तर वाचून निघून गेले असते.

संथवाहते

पण ती सगळी कपाटात ठेवून एकदम नाही काढली त्यांनी, एकेक काढत गेल्या, वाचक सोबत वाढत गेले. मी तेच म्हणतेय.

निळाग्रह

दोघांचं ऐकून मला मधला रस्ता दिसतो. पहिलं पुस्तक पूर्ण, दुसऱ्याचा पक्का मसुदा आणि तिसऱ्याचा आराखडा एवढं हातात असलं की निघा. आधी एक छोटी कथा लिहा, त्याच जगातली, त्याच जहाजावरची, आणि ती न्यूजलेटरला नाव देणाऱ्यांना फुकट द्या. बुकफनेलसारख्या सेवेतून फाइल सहज पोचवता येते. संथवाहते, तुला हवी असलेली वाचकांची माहिती या कथेतूनही मिळते. आणि ही यादी तुझी स्वतःची असते, दुकानाचे नियम बदलले तरी ती जात नाही.

प्री-ऑर्डरबद्दल सांभाळून. केडीपीवर एक वर्ष आधीपर्यंत लावता येते, पण अंतिम फाइल प्रकाशनाच्या ७२ तास आधी चढलेली लागते, आणि प्री-ऑर्डर रद्द केली तर पुढे वर्षभर दुसरी लावता येत नाही. पुस्तक दोनची प्री-ऑर्डर पुस्तक एकच्या शेवटच्या पानावर लिंक देऊन लावा, कारण प्रेमकथा संपल्या संपल्या वाचक जेवढा तयार असतो तेवढा परत कधी नसतो.

अवकाशवेडा

रिव्ह्यूचं काय? आधी प्रती वाटायच्या म्हणतात त्या कशा?

तिसराचंद्र

पुस्तक येण्याआधी फुकट प्रत देता येते, रिव्ह्यू लिहाल का असं विचारताही येतं, पण लिहाच किंवा चांगलंच लिहा अशी अट घालता येत नाही आणि पैसे तर अजिबात द्यायचे नाहीत. घरच्यांना आणि जवळच्या मित्रांना लिहायला सांगू नका, ॲमेझॉन ते काढून टाकतं. अमेरिकेत खोट्या रिव्ह्यूंविरुद्ध सरकारी नियमही ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे. आणि प्रती वाटायच्या त्या या प्रकारच्या वाचकांनाच. लष्करी विज्ञानकथा वाचणाऱ्याला तुमची कथा दिलीत तर तो लिहिणार 'लढाई कमी, चुंबनं जास्त', आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच असेल.

पानापानांत

कव्हरवर कुणी बोललंच नाही अजून! नुसतं यान आणि ग्रह दाखवलात तर मी ते लढाईचं पुस्तक समजून पुढे सरकते. माणसं दिसू देत, निदान एक चेहरा, आणि मागे आकाश. सध्या निळ्या-जांभळ्या रंगांतली कव्हर लगेच ओळखू येतात. मी मोबाइलवर बघते, तिथे कव्हर नखाएवढं दिसतं, मालिकेचं नाव वाचता आलं नाही तर उपयोग नाही. आणि सगळ्या पुस्तकांची कव्हर एका घरातली वाटू देत.

कथाकामाठी

बरोबर. तांत्रिक बाजू एवढीच की ईबुक कव्हरला केडीपी २५६० बाय १६०० पिक्सेल सुचवतं, उंची जास्त. एआयने बनवलेली चित्रं किंवा मजकूर असेल तर पुस्तक चढवताना ते जाहीर करावं लागतं, सप्टेंबर २०२३ पासून. चित्रकाराकडून करून घेत असाल तर अख्ख्या मालिकेचं आधीच बोलून ठेवा, तिसऱ्या कव्हरला चित्रकार उपलब्ध नसला की सगळी घडी विस्कटते. कॅटेगरी तीन निवडता येतात, त्यातली पहिली सायफाय रोमान्सच असू द्या. कीवर्डच्या सात चौकटी आहेत, त्यात 'अंतराळ', 'प्रेम' असे एकटे शब्द घालून वाया घालवू नका, वाचक शोधतो तसं लिहा, म्हणजे शत्रूपासून प्रेमापर्यंत, परग्रहवासी नायक, हळूहळू फुलणारं प्रेम अशा धर्तीवर.

रात्रपाळी

किती शिकायला मिळतंय, सगळ्यांचे आभार. धीर करून माझ्या पहिल्या पुस्तकाचं वर्णन टाकतेय, स्पष्ट सांगा.

"सन २४८१. सात वसाहतींचा संघ कोसळण्याच्या बेतात आहे. खनिजांवरून पेटलेल्या युद्धात लाखो लोक विस्थापित झाले आहेत. अशा वेळी डॉक्टर ईरा एका जखमी शत्रू सैनिकाला वाचवते. पण त्याच्या मेंदूत एक यंत्र आहे जे त्याच्या आठवणी दर तीस दिवसांनी पुसतं. ती त्याला वाचवू शकेल का?"

निळाग्रह

अगं, चौथं-पाचवं वाक्य सोनं आहे आणि ते तू तळाशी ठेवलंयस! दर तीस दिवसांनी आठवणी पुसल्या जाणारा माणूस, हेच तर विज्ञान दोघांच्या मधे उभं राहिलेलं. वसाहती, खनिजं, युद्ध आत येऊ देत. आणि 'वाचवू शकेल का' हा प्रश्न डॉक्टरचा झाला, प्रेमातल्या बाईचा नाही. अशी काहीतरी सुरुवात करून बघ:

"त्याला तिचं नाव शिकवायला ईराला तीस दिवस लागतात. एकतिसाव्या दिवशी तो पुन्हा विचारतो, तू कोण?"

मग तो शत्रूचा सैनिक आहे ते सांग, यंत्र काढलं तर काय धोका आहे ते सांग, आणि शेवटी निवड तिच्यापुढे नाही, त्याच्यापुढे ठेव.

पानापानांत

हे पुस्तक मी घेणार. पण मला एक सांगा, यंत्र काढायचं की नाही हे कुठल्या दिवशी विचारणार त्याला? पहिल्या दिवशी तो तिला ओळखत नाही, तिसाव्या दिवशी तो प्रेमात आहे. कुठलं हो खरं धरायचं?

रात्रपाळी

@पानापानांत, मी तो प्रसंग विसाव्या दिवशी ठेवला होता, असाच, काही विचार न करता. आता वाटतंय दोनदा विचारायला हवं, पहिल्या दिवशी आणि तिसाव्या दिवशीही, आणि दोन्ही उत्तरं ईराने रेकॉर्ड करून त्यालाच ऐकवायला हवीत. पुस्तकाचा पूर्ण शेवटचा भाग बदलतोय याने. वर्णन नंतर टाकते, आधी ती प्रकरणं लिहून काढते.